११३ क्रमांकाच्या नळीवरची नोंद बदला
काविळीच्या विषाणूंवर संशोधन करणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
बी आणि सी काविळीच्या विषाणूंवर व यकृताच्या आजारांवर संशोधन करणारे सर्व शास्त्रज्ञ आणि डॉक्टर, तसेच त्यांचे पेपर छापणाऱ्या नियतकालिकांचे संपादक यांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी डॉक्टर नाही. गेली एकोणीस वर्षं बी काविळीचा विषाणू अंगात घेऊन जगणारी एक बाई आहे. हौसेने रक्तदान केलं होतं. आठवड्याभराने रक्तपेढीतून फोन आला, 'ऑस्ट्रेलिया अँटीजेन पॉझिटिव्ह आलंय, येऊन भेटा.' म्हणजे रक्तात बी विषाणूची खूण सापडली होती. मग आईची तपासणी झाली, तिच्यात निघालं. धाकट्या भावाची झाली, त्याच्यातही निघालं. बाळंतपणात आईकडून बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो, आणि मोठेपणी झाली तर शंभरातल्या पाचांतसुद्धा नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आईला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. ते तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही.

पुढे मला आणि भावाला एका अभ्यासात घेतलं. संमतिपत्र होतं, चार पानी. दर सहा महिन्यांनी जायचं, सोनोग्राफी करायची, रक्त द्यायचं. दोन नळ्या, एक जांभळ्या टोपणाची, एक पिवळ्या. नळीवर नाव नसायचं, नंबराची चिकटपट्टी असायची. माझा नंबर ११२, त्याचा ११३. तो सुईला घाबरायचा. माझं रक्त घेऊन झालं की मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची आणि त्याला दुसरीकडे बघायला लावायची. असा तो आठ वेळा आला. मग नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, फोन नंबर बदलला, आणि यायचा थांबला. बरं वाटत होतं, दुखत-खुपत काही नव्हतं, आणि नव्या ठिकाणी कुणाला कळलं तर काय म्हणतील ही धास्तीही होती. बी काविळीचा हाच मोठा घात आहे. लिव्हर वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

मी जात राहिले. त्याच खुर्चीत, त्याच ताईंसमोर. माझ्या वरच्या-खालच्या ओळीतच त्याचं नाव होतं. 'तुमचा भाऊ कुठे असतो हल्ली?' असं मला एकदाही कुणी विचारलं नाही. मीही आपणहून बोलले नाही, मला वाटलं त्यांना कळवायची पद्धत वेगळी असेल. चार वर्षांनी त्याच्या पोटात दुखायला लागलं. तपासलं तर लिव्हरमध्ये मोठी गाठ, आणि यकृताकडे रक्त नेणारी मुख्य शीरही तिने बुजवलेली. साडेतीन महिन्यांत तो गेला. वय अडतीस. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसणं, नव्हता. बी विषाणूमुळे सिरॉसिस न होताही थेट कॅन्सर होऊ शकतो, हे त्या दिवसांत मी शिकले.

त्यानंतर दोन वर्षांनी तो अभ्यास छापून आला. मला कुणी कळवलं नाही. ओळखीच्या एका मुलीने मिळवून दिला. डिक्शनरी घेऊन तीन रात्री वाचला. दुसऱ्या पानावर चौकटी आणि बाणांची एक आकृती आहे: किती जणांना विचारलं, किती आले, किती उरले. शेवटून दुसऱ्या चौकटीत लिहिलंय, 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे संपर्क तुटलेले. माझा भाऊ त्या चौकटीत आहे. आकडा इथे देत नाही, त्यावरून अभ्यास ओळखू येईल, आणि कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला मी हे लिहीत नाही. ज्यांनी तो अभ्यास केला त्यांनी मला औषधं वेळेवर सुरू केली, म्हणून मी आज हे पत्र लिहिते आहे. पण त्याच पेपरच्या शेवटी, आमच्यासारख्या रुग्णांत कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी आढळलं, असं वाक्य आहे. ते वाक्य वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

तेव्हापासून मी तुमचे पेपर वाचते. सगळं कळतं असं नाही, पण एक गोष्ट नीट समजून घेतली. कोण किती काळ जगलं किंवा कॅन्सरविना राहिलं हे दाखवणारी पायऱ्यापायऱ्यांची रेघ तुम्ही काढता, कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने. कुणी दगावलं की रेघ एक पायरी उतरते. कुणी यायचं थांबलं की रेघ उतरत नाही, तिच्यावर फक्त एक बारीक उभा काप पडतो. गणित असं धरून चालतं, की निघून गेलेल्याचं पुढे जे झालं असेल ते राहिलेल्यांसारखंच झालं असेल. माणूस निव्वळ योगायोगाने गळाला असेल तर हे बरोबर आहे. पण यकृताच्या आजारात माणूस योगायोगाने गळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुणी ठणठणीत वाटतं म्हणून येत नाही. कुणाच्या पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, आणि घरचे त्याला जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेतात. कुणी रोजगार बुडतो म्हणून थांबतो, तर कुणी नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत नाव फुटेल म्हणून. यातले काही राहिलेल्यांपेक्षा बरे असतील, काही खूप वाईट. कोण किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि त्या कापांपैकी एक काप माझा भाऊ आहे, जो प्रत्यक्षात पायरी व्हायला हवा होता.

तुमच्याच क्षेत्रातले काही पेपर आज जगभर सांगितले जातात ते का, हे पाहिलं तर माझं म्हणणं कळेल. आर. पामर बीसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांचा अभ्यास केला आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यांतल्या ३,४५४ जणांच्या रक्तात बी विषाणूचं हे अँटीजेन होतं, बाकीच्यांत नव्हतं. यकृताचा कॅन्सर झाला ४१ जणांना, त्यांतले ४० अँटीजेन असलेले. धोका २२३ पट. बी विषाणू आणि कॅन्सर यांच्या नात्याबद्दल तोवर चाललेला वाद या आकड्यापुढे टिकला नाही. पण हे ४१ जण सापडले कसे, ते बघा. ती माणसं सरकारी नोकरीतली, विम्याच्या छत्राखालची होती. कुणी दगावलं की विम्याच्या कागदांत त्याची नोंद व्हायची, आणि संशोधकांपर्यंत पोचायची. म्हणजे माणूस दवाखान्यात आला नाही तरी हिशेबातून सुटत नव्हता. असा पक्का पुरावा हाती असताना १९८४ मध्ये तैवानने नवजात बाळांचं लसीकरण सुरू केलं, आणि १९९७ साली छापलेल्या पेपरने दाखवलं, की ६ ते १४ वर्षांच्या मुलांतलं यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलंय. मोजणीत माणसं गळाली असती तर २२३ हा आकडा निघाला असता का, हा प्रश्न मला पडतो.

लसीचंही तसंच. वुल्फ श्मुनेस यांनी न्यूयॉर्कमध्ये १,०८३ समलिंगी पुरुषांना घेऊन बी काविळीच्या लसीची चाचणी केली, १९८० मध्ये ती छापली. स्वतःची ओळख लपवून जगण्याची वेळ ज्यांच्यावर यायची, अशी ही माणसं. तरीही ती रक्त द्यायला पुन्हा पुन्हा आली. त्यांच्यामुळे लस उपयोगी आहे हे ठरलं. जगात कुठेही आज बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत बी काविळीची लस मिळते, तेव्हा त्यामागे त्या १,०८३ जणांची खेप आहे.

तुमच्या क्षेत्राला आमच्यासारख्यांचं देणं आहे आणि ते सगळंच राजीखुशीने दिलेलं नाही. हे लिहिताना जड वाटतं, पण वगळता येत नाही. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९५० च्या दशकापासून सॉल क्रुगमन यांनी मुलांना मुद्दाम काविळीची लागण केली. एका प्रकारची कावीळ लवकर होते, दुसरी उशिरा होते, हे १९६७ च्या त्यांच्या पेपरमधून स्पष्ट झालं. ज्ञान खरं होतं. मुलांना मात्र 'नको' म्हणता येत नव्हतं. १९६६ मध्ये हेन्री बीचर यांनी अनैतिक संशोधनाची २२ उदाहरणं छापली, त्यांत हेही होतं. माणसांवरच्या संशोधनाचे नैतिक नियम सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा त्याआधी दोनच वर्षं झाला होता. त्या जाहीरनाम्यात पुढे एक कलम आलं, की अभ्यासात भाग घेतलेल्या प्रत्येकाला त्याचा निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत तर आमच्यासाठी वापरला जाणारा जुना शब्द काढून 'सहभागी' हा शब्द घातला आहे. मी सहभागी आहे, भाऊ सहभागी होता. निष्कर्ष मला ओळखीच्या मुलीकडून कळला.

शब्दांवरून आठवलं. इंटरफेरॉनच्या, म्हणजे जुन्या इंजेक्शनांच्या, काळातले सी काविळीचे पेपर मी चाळले. वर्षभर टोचून घ्यायचं, ताप, केस गळणं, मन खचणं, आणि शेवटी विषाणू परत आला की पेपरमध्ये लिहिलेलं असतं, 'रुग्ण उपचारात अयशस्वी ठरला.' अयशस्वी औषध ठरलं, माणूस नव्हे. आता आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक सी काविळीतून पूर्ण बरे होतात, तेव्हा ते वाक्य मागे पडलं. पण ते लिहिणाऱ्यांना आपण काय लिहितोय हे तेव्हा जाणवलं नसेल का?

आता मूळ मुद्दा.

तो अभ्यास छापून आल्यावर मी संशोधकांना ईमेल केला. एका तरुण डॉक्टरांनी उत्तर दिलं, मनापासून दिलं. त्यांना वाईट वाटलं होतं. पण म्हणाले, 'डेटा लॉक झालाय, म्हणजे नोंदी बंद झाल्यात, आता त्यात काही करता येत नाही.' मी विचारलं, भावाच्या नळ्यांचं काय? ते म्हणाले, सगळ्यांचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, उणे ८० अंशांवर जपून ठेवलंय, पुढच्या कामासाठी.

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. माझ्या भावाच्या आठ भेटींचं सीरम कुठेतरी गोठवून ठेवलेलं आहे. शेवटचं घेतलं तेव्हापासून चार वर्षांच्या आत त्याला कॅन्सर झाला. कॅन्सर दिसण्याआधी रक्तात काही खूण उमटते का, हे शोधायला जगभर धडपड चालू आहे, कारण एएफपी या रक्तातल्या खुणेची तपासणी आणि सोनोग्राफी मिळूनही अनेकांची गाठ उशिरा सापडते. त्या शोधासाठी माझ्या भावाच्या नळ्यांइतकी मोलाची वस्तू दुसरी कुठली? पण त्यांच्यापुढे नोंद काय आहे? शेवटच्या भेटीपर्यंत कॅन्सर नाही, पुढचं माहीत नाही. उद्या कुणी अभ्यासक त्या नळ्या बाहेर काढेल, ज्यांना कॅन्सर झाला त्यांची एक रांग लावेल, झाला नाही त्यांची दुसरी. ११३ नंबर दुसऱ्या रांगेत जाईल. आणि त्याच्या रक्तात जर ती खूण असेल, तर यंत्र म्हणेल, ही खूण निरोगी माणसातही दिसते, म्हणजे बिनकामाची. असं होऊ देऊ नका.

नोंद बदलता येत नाही, असं मला सांगू नका. तुमच्या शास्त्राचा इतिहासच नोंदी बदलण्याचा आहे. बरूख ब्लुमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलेलं नवं अँटीजेन छापलं, तेव्हा पेपरच्या मथळ्यात त्याचं नातं रक्ताच्या कॅन्सरशी जोडलेलं होतं. ते थांबले नाहीत. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंना १९६७ मध्ये थकवा जाणवायला लागला, तेव्हा त्यांनी स्वतःचं सीरम तपासून पाहिलं आणि जेलमध्ये त्या अँटीजेनची अस्पष्ट रेघ दिसली. नंतर त्यांना कावीळ झाली. कॅन्सरची नव्हे, काविळीची खूण आहे, हे मान्य करून तसं छापलं गेलं, आणि १९७६ चं नोबेल त्यातूनच मिळालं. १९५५-५६ मध्ये दिल्लीत दूषित पाण्यामुळे सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, ती ए प्रकारची समजली गेली. त्या रुग्णांचं जपून ठेवलेलं सीरम १९८० मध्ये तपासलं, तेव्हा कळलं की ती ए नव्हती, बीसुद्धा नव्हती. आज तिला आपण ई कावीळ म्हणतो. पंचवीस वर्षांनी नोंद बदलली. आणि हार्वी ऑल्टर यांनी रक्त चढवलेल्या रुग्णांचे नमुने वर्षानुवर्षं जपले, कुणाला पुढे कावीळ झाली, कुणाला नाही, याची नोंद प्रत्येक नमुन्यामागे ठेवली. म्हणून १९८९ मध्ये मायकल हॉटन यांच्या गटाने सी विषाणूची चाचणी तयार केल्यावर ती खरी की खोटी हे त्या नमुन्यांवर लावून ठरवता आलं. फ्रीजरमधल्या सीरमला किंमत आली ती त्या नोंदींमुळे. नोंद चुकीची असती तर त्या नळ्या म्हणजे नुसतं गोठलेलं पाणी.

म्हणून माझं मागणं आहे, आणि ते फार अवघड नाही. माणूस अभ्यासात येतो त्या दिवशी त्याच्याशिवाय आणखी दोघांचे नंबर घ्या, घरातल्या एकाचा आणि बाहेरच्या एकाचा. दोन भेटी चुकल्या की फोन करा. घरचं दुसरं माणूस त्याच अभ्यासात असेल, आणि बी काविळीत ते बरेचदा असतं, तर त्याला तोंडी विचारा. मृत्यूच्या सरकारी नोंदी पाहायची परवानगी संमतिपत्रातच मागून ठेवा. आम्ही देऊ. जे सापडलेच नाहीत त्यांचं वय, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती), फायब्रोस्कॅनचा (लिव्हर किती कडक झालंय ते सांगणारा) आकडा, ते किती भेटींनंतर गळाले, हे तक्त्यात छापा, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल की गेलेले कोण होते. आणि डेटा लॉक झाल्यावर कुणाचा भाऊ, कुणाची बायको निरोप घेऊन आली, तर तो निरोप लिहून ठेवायला एक वही तरी ठेवा.

संपादकांना वेगळं सांगायचं आहे. गळालेल्यांचं काय केलं हे लिहा, असा नियम २००७ पासून स्ट्रोब या मार्गदर्शिकेत आहेच. बहुतेक नियतकालिकं ती पाळायला सांगतात. प्रत्यक्षात एक ओळ येते, 'संपर्क तुटला', आणि ती मान्य होते. तुम्ही लेखकांना परत विचारा: शोधलं का, कसं शोधलं, किती वेळा? शब्दमर्यादेत बसत नसेल तर त्यासाठी वेगळं पान द्या. त्याच पानावर अभ्यासातल्या लोकांना समजेल अशा त्यांच्या भाषेतला निष्कर्षही असू द्या, आणि ते पान पैसे न भरता उघडू द्या. पेपर अभ्यासकांसाठी असतो हे मला मान्य आहे. पण त्यात ज्याचं रक्त आहे, त्याला स्वतःचं काय झालं ते वाचायला मिळालं पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये २५.४ कोटी लोक बी काविळीसह आणि ५ कोटी लोक सी काविळीसह जगत होते, आणि विषाणूजन्य काविळीने त्या एका वर्षात १३ लाख माणसं गेली. बी काविळ असलेल्या शंभरांपैकी तेराच जणांचं निदान झालं होतं, आणि उपचार तिघांना मिळत होते. कुणाला औषध आधी द्यायचं, कुणाची सोनोग्राफी चुकवून चालणार नाही, हे ठरवणारे नियम तुमच्या पेपरांवरून बनतात. 'अपेक्षेपेक्षा कमी' हे एक वाक्य तिथे जाऊन बसलं, तर माझ्या भावासारख्या सिरॉसिस नसलेल्या तरुणाला कुणी 'तुम्हाला इतक्यात यायची गरज नाही' असं सांगू शकतं.

मी अजून दर सहा महिन्यांनी जाते. रक्त देते. नव्या अभ्यासाचं संमतिपत्र पुढे आलं तर वाचून सही करेन. भावाचा मृत्यूचा दाखला, शेवटचा सीटी स्कॅन आणि बायोप्सीचा रिपोर्ट माझ्याकडे आहे, एका प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावलेला. ज्यांच्या फ्रीजरमध्ये ११३ नंबरच्या नळ्या आहेत त्यांनी मला बोलवावं. मी हे कागद घेऊन येते, आपण समोरासमोर बसून त्याच्या नावापुढची नोंद दुरुस्त करू.

आपली,
सहभागी क्रमांक ११२